पडद्यावर दिसतोस कुठे?

मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात जी पाच-दहा मिनिटे रेंगाळण्यात जातात, त्यांत आपल्या धर्मग्रामाचा एक अनौपचारिक न्यायनिवाडा नित्य पार पडत असतो. कोणाची मुलगी परिचारिका होऊन परदेशी गेली, कोणाच्या मुलाला शाळेत कायम नेमणूक मिळाली, कोण सेमिनरीतून परत आला, हे सारे तिथे ठरते आणि नोंदले जाते. नाताळच्या सुटीत मुंबईहून अमरावती एक्सप्रेसने घरी आलेला एखादा तरुण मात्र या न्यायासनापुढे अडचणीत सापडतो. तो नट आहे. आठ-दहा वर्षे काम करतो आहे. दोन मालिकांत हवालदार, एका चित्रपटात नायकाचा मित्र, बाकी जाहिराती, डबिंग आणि बालनाट्याचे प्रयोग. त्याच्या खांद्यावर हात ठेवून एखादे काका मोठ्या प्रेमाने विचारतात, "काय रे बाप्पा, टीव्हीत कुठी दिसतं तू?" तो हसतो, दोन नावे सांगतो. ती कोणी पाहिलेली नसतात. काका मान हलवतात आणि निवाडा पुरा होतो: पोरगा वाया गेला.

माझे भांडण त्या काकांशी नाही, त्या प्रश्नाशी आहे. अकोल्याच्या रुग्णालयात पंचवीस वर्षे रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला आपण "तुझे नाव पेपरात कधी आले?" असे विचारत नाही. गावोगावी फिरून मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या गुरुजींना त्यांची कीर्ती किती, असा सवाल करीत नाही. त्यांचे काम हे काम असते. नटाच्या बाबतीत तेवढा आपला हिशेब फिरतो. तो एक तर प्रसिद्ध असतो, नाही तर अपयशी. मधली जागाच आपण शिल्लक ठेवलेली नाही, आणि या व्यवसायातली बहुतेक माणसे नेमकी त्या मधल्या जागेत आयुष्य काढतात.

या चुकीच्या हिशेबाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच शहरातले आहे. भगवान आभाजी पालव, म्हणजे भगवानदादा, यांचा जन्म 1 ऑगस्ट 1913 रोजी अमरावतीत झाला. त्यांची गोष्ट आपण मुलांना कशी सांगतो? जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळी मोटार, चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ. मग चित्रपट पडले, सर्व विकले गेले आणि अखेर दादरच्या चाळीत 4 फेब्रुवारी 2002 रोजी मृत्यू. तात्पर्य: सिनेमाच्या नादी लागू नये. प्रवचनातून, स्नेहसंमेलनाच्या भाषणातून, बापाच्या तोंडून ही गोष्ट याच साच्यात येते. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आपण त्या माणसाच्या अंगावर घालतो. फक्त शेवटी घरी स्वागत करणारा पिता तेवढा गाळतो.

तीच गोष्ट आता कामाच्या बाजूने पाहा. एका गिरणी कामगाराचा मुलगा मूकपटांच्या काळात पडद्यावर येतो. कुस्तीच्या नादामुळे नावापुढे 'दादा' लागते. 1938 साली 'बहादुर किसान'पासून तो दिग्दर्शनात उतरतो आणि पुढची दहा-अकरा वर्षे अत्यल्प खर्चाचे मारधाडपट काढतो. हे चित्रपट सुशिक्षितांनी पाहिले नाहीत. ते पाहिले कामगारवस्तीतल्या माणसांनी, ज्यांना दिवसाच्या मजुरीतून चार आण्यांची करमणूक हवी होती. राज कपूर यांच्या सांगण्यावरून त्याने सामाजिक विषयाकडे वळून 1951 साली 'अलबेला' काढला आणि तो त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला. पुढचा 'झमेला' तितका चालला नाही. त्यानंतर तो घरी बसला का? 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी' आणि त्यापुढची कित्येक दशके मिळेल ती लहानमोठी भूमिका करीत राहिला. अनेकदा केवळ चार पावले नाचण्यासाठी त्याला बोलावले जाई आणि तो जाई. बंगल्याची आणि मोटारींची वर्षे या सबंध कारकिर्दीत मोजकीच आहेत. उरलेली सगळी वर्षे रोजंदारीची, हजेरीची आणि घामाची. ती आपण गोष्टीतून वगळतो, कारण ती धरली तर तात्पर्य जुळत नाही.

भगवानदादांना मी संत ठरवू पाहत नाही. 1942 साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांच्या हातून ललिता पवार यांना इतक्या जोराची थप्पड बसली की त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. उपचारात वर्षे गेल्यावर ललिताबाई चरित्र भूमिकांकडे वळल्या आणि त्याच डोळ्यासह पुढे दीर्घकाळ काम करीत राहिल्या. या व्यवसायात अंगाला इजा होते आणि भरपाई मिळतेच असे नाही, हेही त्या प्रसंगातून कळते. त्यावर प्रवचन करावयाचे असेल तर अवश्य करावे.

'अलबेला'त आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे आपण कॅथलिकांनी तरी पाहायला हवे होते. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकोलेट, म्हणजे गोव्यातील आल्दोनचे अंतोनियो झेवियर वाझ, त्या चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात आणि संगीतात सी. रामचंद्र यांचे साहाय्यकही होते. हिंदी चित्रपटाचा वाद्यमेळ उभा करण्यात गोव्याच्या कॅथलिक वादकांचा वाटा केवढा होता! प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. 1977 च्या एका गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर झाले, पण ते हसण्याचे नाव म्हणून. त्या नावाचा खरा माणूस होता, त्याने 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदाची मैफल उभी केली होती, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

वऱ्हाडात परत येऊ. राजदत्त यांचे खरे नाव दत्तात्रय अंबादास मायाळू, जन्म 1932, अमरावती जिल्ह्यातील धामणगावचा. राजा परांजपे यांच्या हाताखाली उमेदवारी करून 'मधुचंद्र' हा पहिला स्वतंत्र चित्रपट आला तेव्हा 1967 साल उजाडले होते, म्हणजे वय पस्तिशीचे. तिशीतल्या त्या मायाळूंच्या मुलाला कोणी अंगणात गाठून "कुठी दिसतं तू?" असे विचारले असते, तर त्याने काय दाखवावे? दुसऱ्याच्या चित्रपटावरचे साहाय्यकाचे नाव? त्यानंतर त्यांनी 'अष्टविनायक' केला, अरविंद देशपांडे यांच्यासह 'शापित' केला, आणि 2024 साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. आता अर्थातच ते "आपल्या मातीतले" झाले.

त्यांच्याच 1977 च्या 'देवकीनंदन गोपाला'त डॉ. श्रीराम लागूंनी गाडगेबाबा उभे केले. शेंडगावात जन्मलेल्या आणि वलगावजवळ देह ठेवलेल्या त्या बाबांवर पुन्हा 2010 साली 'डेबू' हा चित्रपट आला. तो अकोल्याच्या निलेश जळमकर यांचा. मोहन जोशी त्यात बाबांच्या भूमिकेत होते. जळमकरांचा जोतीराव फुल्यांवरील 'सत्यशोधक' जानेवारी 2024 मध्ये पडद्यावर आला. दोन तारखांमध्ये चौदा वर्षे आहेत. या चौदा वर्षांत अकोल्यातल्या किती घरांत त्यांचे नाव निघाले असेल? चित्रपट तयार होण्याचा काळ आपल्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. भिंतीवर पोस्टर चिकटले की माणूस जन्मतो आणि पोस्टर निघाले की मरतो.

भाषेचीही एक शिक्षा आहे. ज्या ऋद्धिपुरात लीळाचरित्र सिद्ध झाले, त्याच जिल्ह्यातल्या मुलाला मुंबईत पहिल्या दिवशी सांगितले जाते की, तुझी बोली सुधार. ती सुधारली की सांगतात, आता विनोदासाठी तीच बोली बोल. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे 2014 पासून 'चला हवा येऊ द्या'मधून घराघरांत पोचले. त्यांनी वऱ्हाडी लपवली नाही, हे त्यांचे मोठेपण. पण वऱ्हाडी माणूस बोलू लागला की हसायचे असते ही प्रेक्षकांची सवय त्यांनी लावलेली नाही, ती आधीचीच आहे. 'गाभ्रीचा पाऊस'ने 2009 साली हीच बोली शेतकऱ्याच्या दुःखासाठी वापरून दाखवली. त्यातल्या मुख्य भूमिका पुण्याच्या कलावंतांनी केल्या, उत्तम केल्या. पण इथल्या नटाला रडण्याची भूमिका द्यावी असे वाटायला अजून किती काळ जावा लागेल?

यावर पालक म्हणतील, "तुमचे ठीक आहे, भाडे आम्हाला पाठवावे लागते." खरे आहे. मालिकांच्या धंद्यात काम केल्यानंतर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, काम मिळवून देणाऱ्याचा हिस्सा वेगळा, आणि मुलींच्या बाबतीत आईबापांना जी धास्ती वाटते ती निराधार मुळीच नाही. पण ज्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या कापूस घालून चुकाऱ्याची वाट पाहिली गेली, एकाधिकार खरेदीच्या काळात हप्त्याहप्त्याने पैसे घेतले गेले, त्या वऱ्हाडातल्या बापाने मुलाच्या नव्वद दिवसांना हसावे याचे मला नवल वाटते. चुकारा थकला म्हणून शेतकरी आळशी ठरत नाही. नटाचा थकला की तो बेकार ठरतो.

ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? 1936 च्या 'विजिलांती कुरा' या परिपत्रात पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी सावधगिरीचा इशारा दिला. आपल्याकडे तो इशारा मुरला, पुढचे फारसे पोचले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या 'इंतेर मिरिफिका'त चांगल्या चित्रपटांना आणि रंगभूमीला प्रत्यक्ष पाठबळ देण्याचा आग्रह धरला. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1999 च्या पुनरुत्थान सणाला कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले आणि कलेला पाचारण मानले. आपल्या पाचारण रविवारी मात्र हे पाचारण कधी उच्चारले गेल्याचे माझ्या कानी नाही. हे पोप स्वतः नट होते, हे आपण कौतुकाने सांगतो आणि "पण त्यांनी नाटक सोडले" अशी पुस्ती जोडतो. त्यांनी काम केले ती रंगभूमी कोणती होती? 1941 साली, नाझी अमलाखालच्या क्राकुव्हमध्ये, लोकांच्या दिवाणखान्यात, पडदे ओढून, मोजक्या माणसांपुढे चोरून प्रयोग होत. पकडले गेले तर छळछावणी. तरुण वोयतिला यांना कोणी "दिसतोस कुठे?" असे विचारले असते, तर "कुठेच नाही, आणि न दिसण्यातच आमचा जीव आहे" हेच खरे उत्तर होते.

द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तातही दिवस मावळेपर्यंत बाजारात उभी असलेली माणसे आहेत. त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. मळ्याचा धनी त्यांना आळशी म्हणत नाही. कामाला धाडतो आणि पुरी मजुरी देतो.

आपण मजुरी देतो का? नाताळचे नाटक पाहा. मंडपवाल्याला पैसे, ध्वनिक्षेपकवाल्याला पैसे, दिवे लावणाऱ्याला पैसे, जेवण करणाऱ्याला पैसे. महिनाभर संध्याकाळी मुले गोळा करून ज्याने नाटक लिहिले, बसवले आणि उभे केले, त्याला गुलाबाचे फूल आणि "हा तर आपल्याच घरचा" हे दोन शब्द. कोकणी तियात्राची परंपरा 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत 'इटालियन भुर्गो'च्या प्रयोगाने सुरू झाली. ती आजही जिवंत आहे, कारण गोव्याचा कॅथलिक माणूस तिकीट काढतो. तिथल्या नटाचे नाव पुण्यामुंबईला ठाऊक नसते आणि त्याचे त्यावाचून अडत नाही, कारण त्याचा प्रेक्षक त्याच्या वाड्यावरच असतो आणि पैसे मोजून येतो.

वऱ्हाडातले आपले धर्मग्राम लहान आहेत, गोव्याशी बरोबरी होणार नाही, हे मान्य. तरी येत्या नाताळच्या अंदाजपत्रकात मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या खाली 'नाट्यदिग्दर्शकाचे मानधन' ही एक ओळ धर्मग्राम समितीला घालता येईल. आकडा लहान असला तरी चालेल. नाटकाला दहा-वीस रुपयांचे तिकीट ठेवता येईल. आणि सुटीत घरी आलेल्या त्या तरुणाला अंगणात गाठून विचारायचेच असेल, तर "सध्या काय काम चालू आहे, आणि पैसे वेळेवर मिळतात का?" एवढे विचारता येईल.