डुकराला घातलेली गोळी आपल्याच दाव्याला लागते



गेल्या दिवाळीच्या सुमाराला आमच्या पाड्यावरचे एक काका ठासणीच्या बंदुकीसकट पकडले गेले. नागलीत डुक्कर शिरत होतं. चार रात्री माळ्यावर जागून काढल्या, पाचव्या रात्री काकांनी गोळी घातली. डुक्कर जखमी होऊन रानात पळालं, काका तेवढे सापडले. वनहक्क समिती प्लॉटच्या पडताळणीला आली तेव्हा ते तुरुंगात होते. काकीनं बांध दाखवला, पण शेजाऱ्याशी हद्दीचा वाद निघाला. काकांचा जबाब नाही म्हणून दावा मागं पडला.

तेव्हापासून पाड्यावर दोन तट पडलेत. जुनी माणसं म्हणतात, शिकार ही आपली रीत आहे, ती का सोडायची? त्यांचा राग मला समजतो. साहेब आणि राजेलोक हौसेखातर वाघ-सांबर मारायचे, मुंडकी बंगल्यात टांगायचे. त्यांना कुणी गुन्हेगार म्हटलं नाही. आपण पिकासाठी एक डुक्कर मारलं की आपल्याला बेडी. हा अन्याय आहेच.

तरीपण मी म्हणतो, ही बंदूक आता खाली ठेवायला हवी. का ते सांगतो.

पहिली गोष्ट गोळीची. जुन्या बॅटरीतलं नाहीतर जाळ्याचं शिसं आपण चुलीवर वितळवतो आणि साच्यात ओततो. शिसं मऊ. ठासणीच्या बंदुकीतून गोळी सुटते तीही हळू. मोठ्या डुकराच्या खांद्याची कातडी फळीसारखी जाड असते. गोळी हाडावर बसली तर चपटी होते, फुटते. जनावर मरत नाही, चवताळतं. दुसऱ्या दिवशी फाट्याला गेलेल्या बाईसमोर तेच उभं राहतं.

दुसरी गोष्ट विषाची. शिसं वितळतं तेव्हा पोरं चुलीपाशीच बसलेली असतात. त्याचा धूर आणि धूळ अंगात जाते. गोळी फुटली की बारीक कण जखमेच्या बाहेरही मटणात पसरतात, ते डोळ्याला दिसत नाहीत. शिशानं लहान पोरांच्या मेंदूची वाढ खुंटते, पोटुशी बाईच्या बाळालाही ते बाधतं. थोडंसं चालतं असं त्यात काही नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. डुक्कर मारलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. बिनपरवाना बंदुकीची केस वेगळी, त्यात दोन ते पाच वर्षं. आणि ज्या वनहक्क कायद्यासाठी आपण एवढे मोर्चे काढले, त्यानंही शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळलाय. तिथं आपल्याला आधार नाही.

मग डुकरांना पीक खाऊ द्यायचं का? अजिबात नाही. आम्ही भरपाई मागायला गेलो तेव्हा ऐकवलं, "जमीन तुमच्या नावावर कुठाय?" सगळी गोम इथंच आहे. पट्टा नाही म्हणून भरपाई नाही, भरपाई नाही म्हणून गोळी, गोळी घातली म्हणून केस आणि केस झाली की दावा अडकतो. हे चक्र दाव्यापाशीच तोडता येतं.

म्हणून माझं म्हणणं असं. पाळी लावून सगळ्या पाड्यानं मिळून राखण करावी. नुकसान झालं की त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, पंचनाम्याचा आग्रह धरावा, अर्जाची पोच घ्यावी. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणं उभ्या पिकाला धोका करणाऱ्या डुकराचा बंदोबस्त करायचा लेखी हुकूम अधिकारी काढू शकतात. ग्रामसभेनं ठराव करून तो मागावा. आणि ज्याच्यावर केस झाली असेल त्यानं घाबरू नये. शिकारीची केस वेगळी, जमिनीचा दावा वेगळा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा असेल तर दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणी हुसकू शकत नाही.

काकांचा दावा आपण पुन्हा ग्रामसभेपुढं ठेवतोय. त्या दिवशी सगळ्यांनी यायचं. बंदूक घरात नको, पण माणूस हद्दीवर हजर पाहिजे.

जिंदाबाद!