कुलवृत्तान्तातील गाळलेली ओळ

कुलवृत्तान्त जपण्याची हौस आपल्या घराण्यांत मोठी. कोणता पूर्वज कोणत्या गावाहून निघाला, कोणत्या संस्थानात चाकरीस राहिला, हे आम्हांस मुखोद्गत असते. परंतु तो कशाने गेला, असे विचारले तर ‘पोटाच्या विकाराने’ एवढेच उत्तर मिळते. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाबाबत हा संकोच महाग पडतो.

हा रोग एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर प्रथम लहानशी मांसल गाठ येते. तिला डॉक्टर ‘पॉलिप’ म्हणतात. बहुतेक गाठी निरुपद्रवी राहतात. काहींचे कर्करोगात रूपांतर होते. त्यास सामान्यतः दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. या अवधीत दुर्बिणीने तपासणी झाली, तर गाठ बहुधा तेव्हाच काढून टाकता येते. म्हणजे रोग नुसता लवकर सापडतो असे नव्हे, तो टळूही शकतो.

याहून सोपी तपासणी मलाची. डोळ्यांना न दिसणारे रक्त तीत कळते. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या नागरिकांना तिचे साहित्य दर दोन वर्षांनी टपालाने घरपोच मिळते. आपल्याकडील सरकारी तपासणी कार्यक्रमाचा भर मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांवर आहे. तेव्हा आतड्याविषयी डॉक्टरांकडे विचारणा आपणच करावयास हवी.

ज्यांच्या आईवडिलांस वा सख्ख्या भावंडांस हा रोग झाला, त्यांनी चाळिसाव्या वर्षी, अथवा त्या आप्ताच्या निदानाच्या वयाहून दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. वडिलांचे निदान ४८ व्या वर्षी झाले असल्यास मुलांनी ३८ व्या वर्षी. पण हा हिशेब मांडण्यास मुलांना ते ठाऊक तर हवे!

शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बदल, अकारण पांडुरोग ही लक्षणे दिसल्यास मात्र वयाची वाट पाहू नये. ‘मूळव्याधच असेल’ म्हणून घरगुती औषधे करीत बसू नये. मूळव्याध असेलही, परंतु ते डॉक्टरांनी ठरवावे.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आम्ही किती काटेकोरपणे नोंदवितो! येत्या सणाला मंडळी जमतील, तेव्हा आत्या, मावशी, काका यांना विचारून ही गाळलेली ओळही लिहून ठेवावी. नातवंडांना तिचा उपयोग गोत्राहून अधिक होईल.