शंभर वॅटचा मोह

हेवी मेटल म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? रंगमंचावर माणसाहून उंच रचलेल्या काळ्या पेट्या आणि त्यांच्यापुढे केस मोकळे सोडून गिटार वाजवणारा वादक. ज्याच्या पेट्या अधिक, त्याचे संगीत अधिक ‘हेवी’, असा एक समज आमच्या पिढीत रुजला आहे. हा समज मला सपशेल चुकीचा वाटतो आणि तो आमच्यासारख्यांच्या खिशाला न परवडणारा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही चौघे मिळून वाजवतो. (त्याला ‘बँड’ म्हणायची सोय नाही, आमच्याकडे बँड म्हटले की वरात आठवते!) दोघांनी मे महिन्यात काजूच्या कारखान्यात काम केले, एकाने आंब्याच्या पेट्या भरल्या, मी वडिलांबरोबर लग्नांतून माईक लावत हिंडलो. त्या पैशांतून गिटारसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे. जुना शंभर वॅटचा घ्यावा, असे तिघांचे मत. पंधरा वॅटचा पुरे, असे माझे.

माझे वडील लाऊडस्पीकर भाड्याने देतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. परंतु वॅट आणि ओहम हे शब्द मी बाराखडीबरोबर शिकलो. धयकाल्याच्या रात्री हार्मोनियम, पखवाज आणि झांजेच्या गदारोळातून पात्राचा शब्द शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे ही सोपी गोष्ट नव्हे. वडील म्हणतात, “वॅट इकत गावतत, पण कर्णो खंय बांधूचो ता इकत गावणा नाय.” भौतिकशास्त्राचे पुस्तकही, निराळ्या शब्दांत, तेच सांगते. वॅट दुप्पट केले की आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट सुमारे दसपट लागतात. म्हणजे दहा वॅट आणि शंभर वॅट यांत, पैशाने व वजनाने कितीही अंतर असो, कानाला मात्र दुपटीचाच फरक! उलट, गिटारसाठी बनवलेला बारा इंची चांगला स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, 97 ते 100 डेसिबल आवाज देतो. शंभरवाल्या स्पीकरला पंधरा वॅट दिले तर हा आकडा 111 च्या पुढे जातो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 100 डेसिबल आवाजात दिवसाकाठी पाव तासाहून अधिक थांबणे कानाला धोक्याचे. मग आणखी कशाला हवे?

मग शंभर वॅट आले कोठून? त्याला कारण होते. लंडनच्या जिम मार्शल यांनी 1965 च्या सुमारास ‘द हू’ या वाद्यवृंदासाठी शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर बनवले. त्या काळी सभागृहातील ध्वनिवर्धक जेमतेम गायकापुरते असत. गिटारवाल्याला सारे सभागृह स्वतःच्याच बळावर भरावे लागे. पुढे गिटारसमोरही माईक लावून तो आवाज मोठ्या ध्वनिवर्धकातून सोडण्याची पद्धत आली आणि ते कारण संपले. पेट्यांची भिंत मात्र राहिली. इतकी, की कित्येक ठिकाणी रंगमंचावरच्या काही पेट्या आतून रिकाम्या असतात! गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

व्हॉल्व्हची खरी गंमत निराळीच आहे. त्याला त्याच्या मर्यादेपर्यंत ढकलले की आवाजाची टोके दबतात, त्याला जाडी येते, तो गुरगुरू लागतो. लहान ॲम्प्लिफायर ही मर्यादा लवकर गाठतो. शंभर वॅटवाला गाठीपर्यंत घराची कौले हलतील.

येथे माझा मित्र, आमचा ड्रमवाला, एक आक्षेप घेतो आणि तो खोटा नाही. तो म्हणतो, हेवी मेटलची गुरगुर शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये होतच नाही. ती आधीच्या लहान व्हॉल्व्हच्या साखळीत तयार होते. मोठ्या व्हॉल्व्हने ती न बिघडवता फक्त मोठी करायची असते. शिवाय तारा खालच्या सुरात लावल्या की खर्जाला ताकद फार लागते. लहान ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर तेथे दम सोडतो आणि तळहाताने दाबून वाजवलेला ठोका कापसासारखा मऊ पडतो. हे मान्य करूनच मी पाच वॅटचा आग्रह धरत नाही. ड्रमपुढे तो टिकणार नाही. पण पंधरा-वीस वॅटमध्ये उपाय आहे: ॲम्प्लिफायरच्या आधी एक पेडल लावून खर्ज थोडा छाटावा. खर्ज भरायला बास गिटार आहे, ड्रम आहे. गिटारने तेथे घुसखोरी करायचे कारणच काय? आणि मोठ्या मैदानात वाजवायचे झाले तर गिटारच्या पेटीसमोर माईक धरावा. तो आमच्या घरीच आहे.

शंभर वॅटच्या यंत्रात शेवटचे चार व्हॉल्व्ह असतात, पंधरात बहुधा दोन. व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत. आज ते रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात. आमच्या पावसाळ्यातला ओलावा आणि खालीवर होणारी वीज यांचा विचार केला तर दोनच बरे. (ट्रान्झिस्टरचा घ्या, स्वस्त पडेल, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पैसे कमी पडले तर मीही तोच घेईन. पण तोही शंभर वॅटचा नको.)

आणखी एक गोष्ट मला बोचते. आम्ही सराव करतो ती खोली चिऱ्याच्या भिंतींची, वर कौले. शेजारी वयस्क माणसे राहतात. आज ती आमच्याकडे कौतुकमिश्रित कंटाळ्याने पाहतात. उद्या कौतुक आटले तर सराव संपला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. शाळा-कॉलेज, इस्पितळे, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता-क्षेत्र सरकारला जाहीर करता येते. मुंबईत 1986 साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा जलसा धोबीतलावच्या रंगभवनात वर्षानुवर्षे रंगला. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातले असले कार्यक्रम बंद पडले. मुंबईच्या मुलांना दुसरी सभागृहे शोधता आली. आम्हांला मोती तलावाच्या काठी दुसरी खोली कोण देणार?

आमच्या काही गुरुजनांना हे संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की ‘ब्लॅक सॅबाथ’चा टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला कामगार होता, पत्र्याच्या यंत्रात बोटांची टोके गेली, तेव्हा त्याने घरी बनवलेल्या टोपणांनी तारा दाबल्या आणि पुढे त्या सैल लावल्या. हे संगीत श्रीमंतांच्या घरी जन्मलेले नाही. त्यातले जडपण हाताच्या दाबात आहे, ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. ते ऐकू यायला शंभर वॅट लागत नाहीत. ड्रमवाल्याने थोडे हळू वाजवले तरी पुरते. हे मी त्याला सांगून पाहिले आहे.

दिवाळीपूर्वी निर्णय घ्यायचा आहे. मते अजून तीन विरुद्ध एक अशीच आहेत. येत्या रविवारी वडिलांच्या गोदामात उसना आणलेला पंधरा वॅटचा ॲम्प्लिफायर ड्रमशेजारी ठेवून वाजवायचे ठरले आहे.