घंटा ते घंटा



दप्तरात वह्या, पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली. आणि अगदी तळाशी, रुमालात गुंडाळलेलं ते काय बरं?

बरोबर ओळखलंत! "बाई, बंद ठेवलाय," हे तुमचं ठरलेलं उत्तर. असेलही बंद, पण मन कुठे बंद असतं? फळ्यावर भागाकार आणि लक्ष दप्तरात! युनेस्कोच्या २०२३ सालच्या अहवालात एका अभ्यासाचा दाखला आहे. एकदा लक्ष उडालं की पुन्हा धड्यावर यायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो म्हणे. आपला तास ३५ मिनिटांचा. उरलं किती, तुम्हीच वजाबाकी करा.

पण आपल्या बोईसर-पालघरकडचे आईबाबा मुलांना फोन देतात, त्याला कारण आहे. बाबा एमआयडीसीत पाळीवर, आई सकाळची विरार लोकल पकडून गेलेली. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, त्याचा आवाज कितीतरी गावांत गेला. तिकडे डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. पोराचा आवाज ऐकावा असं आईला वाटणारच.

मात्र पालकहो, एक विचारते. जमीन हादरली तर पोराने आधी काय करायचं? बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, हादरे थांबले की रांगेने मैदानात. हातात फोन असला तर ते तो कानाला लावून जिन्यातच उभं राहील. शिवाय सगळ्यांनी एकदम फोन लावले की लागतो कुणाचा? त्यापेक्षा शाळेचा नंबर घरी भिंतीवर लिहून ठेवा. आणि मुलांनो, आईचा नंबर तोंडपाठ आहे का? आमच्या वर्गात सतराचा पाढा धडाधड येतो, आईचा नंबर येत नाही!

"मोठी माणसं दिवसभर फोन बघतात, मग बंदी आम्हालाच का?" हा तुमचा प्रश्न मला अगदी पटतो. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरली, पुढे शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातचा फोन सुटेना. तेव्हा २०२२ साली सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं की संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. ८.३० ला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. आणि फोन मोठ्यांनीही बाजूला ठेवायचा, बरं का! आशाताई, अंगणवाडीताई घरोघरी जाऊन समजावत. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना सरसकट मोबाइलबंदीचा ठराव केला. मला वडगावची तऱ्हा जास्त आवडली. वेळ ठरलेली आणि नियम सगळ्यांना.

शाळेला तर भोंगाही नको, घंटा आहेच. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मुलांचे फोन घरी. ज्याला रेल्वेने यावं लागतं, त्याचा कार्यालयातल्या कपाटात. गुरुजींचा आणि बाईंचाही तासाला टेबलावर नको. पोषण आहाराची माहिती फोनवरूनच भरावी लागते हे खरं, पण ती मधल्या सुट्टीतही भरता येते.

तुमच्या शाळेत काय नियम आहे? कपाटाची किल्ली कुणाकडे असते? पत्राने जरूर कळवा. आईचा नंबर मात्र पत्रात लिहू नका, नुसता पाठ करा.