अर्धशिशी हे कामचुकारपणाचे निमित्त नव्हे!

जबलपूरच्या खमरिया दारूगोळा कारखान्यात असो वा विडी कामगारांच्या वस्तीत, स्त्री कामगाराची अर्धशिशी ‘नेहमीचीच डोकेदुखी’ म्हणून झटकली जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पाळीच्या तोंडावर शरीरातील इस्ट्रोजेन झपाट्याने घटते आणि अनेकींना त्यातूनच झटका येतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट आढळतो, त्यामागे मुख्यत्वे हेच कारण आहे. जागरण, उपाशीपोटी काम त्यात भर घालतात.

बिहारच्या सरकारी महिला कर्मचाऱ्यांनी लढा देऊन १९९२ साली पाळीसाठी दरमहा दोन दिवसांची रजा मिळवली. हजार विड्यांमागे मजुरी घेणारीला मात्र रजा कसली? डोके दुखले की मजुरी बुडाली!

कारखान्यात भरपगारी रजा, विडी कामगार स्त्रीला बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि दवाखान्यात योग्य तपासणी, या मागण्या प्रत्येक युनियनने आपल्या मागणीपत्रात घातल्याच पाहिजेत.