लाईट गेली, फोन गेला!

वारंगा फाटा म्हटलं की आमच्या पुण्यातल्या नांदेड-हिंगोलीकडच्या गँगला एकच गोष्ट आठवते. खिचडी! नांदेडहून निघालेली एसटी फाट्यावर थांबते, अर्धी गाडी खाली उतरते आणि कंडक्टरची बेल वाजेपर्यंत सगळे गरमागरम प्लेटवर तुटून पडतात. मला मात्र फाटा म्हटलं की आमच्या बैठकीतला राखाडी रंगाचा, बटणांचा, वेटोळ्या वायरचा फोन आठवतो. त्याची रिंग अशी की चार घरं पलीकडे कळावं, यांच्याकडे पोरीचा फोन आलाय.

त्या फोनला मी कधी सीरियसली घेतलं नव्हतं. अगदी गेल्या जूनपर्यंत.

झालं असं, की हल्ली महिन्यातले आठ-दहा दिवस मी फाट्यावरूनच काम करते. (फ्रीलान्सिंगचा हाच एक फायदा. पेमेंटबद्दल न बोललेलं बरं.) मोबाईलच्या नेटवर व्हिडिओ कॉल म्हणजे समोरचा एडिटर कायम तोंड उघडून फ्रीज झालेला. मग मीच पुढाकार घेतला, फायबरचं कनेक्शन घेतलं. सोबत फोनची लाईनही. तांब्याची जुनी लाईन सरेंडर केली. आईने नवा नंबर कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. एका वायरीत दोन कामं, मी एकदम खूश!

आणि जूनच्या एका रात्री तिकडे वादळ झालं. आठच्या सुमारास लाईट गेली. मी पुण्यात. घरचा फोन लागेना. बाबांचा मोबाईल स्विच ऑफ. आईच्या मोबाईलला आमच्या स्लॅबखाली रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. त्यामुळे पुढच्या तीन तासांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते इथे लिहीत नाही. शेवटी सव्वाअकराला शेजारचे काका टॉर्च घेऊन गेले. बाबा ओसरीत बाजेवर गाढ झोपलेले!

‘अगं, लाईटच नाही तर फोन कसा लागंल?’ दुसऱ्या दिवशी आई म्हणाली. तिला हे आपोआप कळलं होतं. मास कॉमची डिग्री असलेल्या मला नाही.

कारण जुना फोन लाईट गेली तरी चालायचा, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं! त्या तांब्याच्या दोन तारांतून नुसता आवाज येत नसे, वीजही यायची. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून 48 व्होल्ट डीसी. गावभर अंधार असला तरी एक्स्चेंज जागं असेपर्यंत डायल टोन हजर. पुढे त्याच तारांवर ब्रॉडबँड आलं. 2004च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस असं ठरलं, 2005च्या जानेवारीत बीएसएनएलचं ‘डेटावन’ सुरू झालं. (2023पासून ही व्याख्या 2 एमबीपीएस झालीय. 256 मध्ये आपण एक गाणं उतरवायला किती वेळ थांबायचो, आठवतंय?) तेव्हा बोलणं खालच्या फ्रिक्वेन्सीवर, इंटरनेट वरच्या, आणि दोघांना वेगळं करणारी ती छोटी डबी, स्प्लिटर. लाईट गेली की मॉडेम मरायचा, पण फोन जिवंत.

फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज नाही. तुमचा आवाज घरातल्या ओएनटी नावाच्या डबीत डेटा होतो आणि इंटरनेटच्याच रस्त्याने निघतो. डबी बंद, तर फोन बंद. फंडा इतका साधा. कनेक्शन देणाऱ्याने सांगितलं नाही हे खरं, पण मीही स्पीडपलीकडे काही विचारलं नव्हतं.

मग पुढच्या खेपेला आम्ही घराचं वायरिंगच नीट करायला घेतलं. फाट्यावरचा आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला. आधी ओएनटीची जागा बदलली. ती टीव्हीमागे कोंबलेली होती आणि पिवळी वायर कोपऱ्यात कचकन वाकवून खिळ्याने दाबलेली. फायबर असं मुडपलं की प्रकाश बाहेर गळतो आणि नेट रडायला लागतं. आता ती मोठी गोलाई देऊन आणलीय.

खरी मजा पुढे. बैठक, स्वयंपाकघर आणि माडी, तिन्हीकडे फोनचे जुने पॉइंट भिंतीत होतेच. बाहेरून येणारी तांब्याची मेलेली जोडी आधी पूर्ण तोडून वेगळी केली. हे विसरायचं नाही. डबीतला करंट बाहेरच्या लाईनवर जाता कामा नये आणि बाहेरचं काही डबीवर येता कामा नये. मग घरातली जुनी वायर ओएनटीच्या ‘फोन’ लिहिलेल्या पोर्टला जोडली. आणि काय सांगू, तिन्ही पॉइंटवर डायल टोन! राखाडी फोन परत बैठकीत. कॉर्डलेस मुद्दाम घेतला नाही, त्याच्या बेसलाही लाईट लागतेच. माझ्या माडीवरच्या टेबलापर्यंत मात्र कॅट-सिक्स केबल नव्याने ओढली, विजेच्या वायरीपासून वेगळ्या पाइपातून. खालच्या जाड भिंतींतून वायफाय वर येईपर्यंत त्याचा जीव जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू, राऊटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर बघूनच घ्या. आमची डबी बारा व्होल्टची. फायबरच्या वाटेवर मध्ये कुठे वीज लागत नाही, त्यामुळे कंपनीच्या टोकाला बॅकअप असेल तर फोन चालू राहतो. ते टोक आपल्या हातात नाही. आपल्या टोकाला साधारण तीन तास निघतात. म्हणून बाबांच्या मोबाईलसाठी भरलेली पॉवर बँकही फोनशेजारीच ठेवलीय.

टेस्टिंग बाबांनीच अंगावर घेतलं. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः मेन स्विच पाडला आणि मला फोन लावायला बसले. मी पुण्यात मोबाईल हातात घेऊन. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काहीच नाही. पोटात गोळा.

मग रिंग आली. ‘हॅलो, लाईट नाहीये,’ बाबा विजयी आवाजात म्हणाले. लँडलाईनवरून मोबाईलला आधी शून्य लावावं लागतं, जानेवारी 2021पासून. ते विसरले होते. आता आईने कॅलेंडरच्या मागे माझ्या नंबरच्या आधी एक भलंमोठं शून्य काढून ठेवलंय.