मेंदूला काय शिकवायचं?

चेन्नईत दिवाळीची पहाट तेल लावून न्हाण्याने होते आणि फराळाआधी जिभेवर येतं आलं, मिरी, गूळ, तूप घालून आटवलेलं लेहियम. अभ्यंगस्नान आपण चेन्नईतल्या मराठी माणसांनी सोबत आणलं. लेहियम मात्र इथल्या शेजाऱ्यांकडून शिकलो. चकली-अनारशांवर ताव मारण्याआधी पोटाची तजवीज करण्याचं हे शहाणपण. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषयही त्याच्याच जवळचा आहे : शरीर आणि मेंदू.

हा विषय चेन्नईतूनच निघावा, याला कारण आहे. डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये इथल्या सरकारी जनरल हॉस्पिटलात मेंदूच्या शस्त्रक्रियांचा पाया घातला. डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने गर्भातल्या मानवी मेंदूचा ‘धरणी’ हा नकाशा प्रसिद्ध केला. ५,१३२ छेदांच्या प्रतिमांचा हा ठेवा जगभरच्या संशोधकांना खुला आहे.

मेंदूची घडण अशी गर्भातच सुरू होते, पण जन्मानंतर ती थांबत नाही. इथल्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी अमेरिकेत हात गमावलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. काहींच्या गालाला स्पर्श केला, की नसलेल्या हाताला तो जाणवे. मेंदूत चेहऱ्याची आणि हाताची जागा शेजारीशेजारी. रिकाम्या पडलेल्या जागेत शेजाऱ्याने पाय पसरले होते. काहींची नसलेली मूठ घट्ट आवळलेली राही आणि असह्य दुखे. मूठ उघडण्याचा हुकूम सुटतो, उत्तर येत नाही. ती उघडत नाही हेच मेंदू शिकून बसतो, असं रामचंद्रन यांचं म्हणणं. त्यांनी साधा आरसा उभा केला. धडधाकट हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसलं आणि काही रुग्णांची मूठ सैल झाली.

आम्हाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मेंदू बदलतो, याचं हल्ली मोठं कौतुक होतं. पण तो दुखणंही तितक्याच निष्ठेने शिकतो. जागरण, बैठं आयुष्य, दर दोन मिनिटांनी फोन चाळणं, हेही त्याच्या लेखी पाठांतरच. तेव्हा त्याच्यापुढे रोज काय ठेवायचं, हे आपणच ठरवायला हवं.

या अंकात डॉक्टर आहेत, मृदंगम् शिकवणारे गुरू आहेत आणि साठी उलटल्यावर नातवाच्या पाटीवर तमिळ अक्षरं गिरवणाऱ्या आजीही आहेत. फराळ बेताने खा, झोप पुरी घ्या आणि येत्या वर्षात न येणारी एक तरी गोष्ट शिकायला घ्या. सुरुवातीला हात अडखळतील, अडखळू द्या.

शुभ दीपावली!

– संपादक